काही कळवलं नाही म्हणजे ठीक

कमीत कमी बोलून घरच्यांना जास्तीत जास्त काळजीत टाकायचं म्हटलं, तर वसईपासून विरारपर्यंत माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस मिळायचा नाही. राहतात फुलपाड्यात, पेशानं संगणकवाले. मासेमारीच्या बोटींवर बसवायची एक छोटी डबी त्यांची कंपनी बनवते. बोट कुठे आहे, इंजिन कसं आहे, डिझेल किती उरलंय हे ती डबी किनाऱ्यावर कळवते. समुद्रात रेंज जेमतेम आणि डबीची बॅटरी चिमुकली, म्हणून तो निरोप होईल तेवढा आखूड करणं हे साडूंचं काम. इतर लोक प्रत्येक आकड्याआधी तो कशाचा आहे ते लिहितात. साडू ती नावंच काढून टाकतात. कुठल्या जागी काय, हे दोन्ही टोकांना आधी ठरलेलं असतं, मग पाठवायचे ते नुसते बाइट. माणसानं उघडून पाहिलं तर कचरा दिसतो. ज्या यंत्राला ठरलेलं माहीत असतं, त्याला अख्खी बोट दिसते. हे मला कळेना, तेव्हा त्यांनी ओट्याशी नेऊन मिसळणाचा डबा उघडला. "वाट्यांवर नावं लिहिलीत का?" एवढंच विचारलं आणि झाकण लावलं. पुढे आमच्या सासूबाई तिकडे राहायला गेल्या, डबा घासला आणि वाट्या आपल्या मनासारख्या लावल्या. त्या दिवशी माझ्या मेहुणीच्या हातून फोडणीत मोहरीऐवजी मूठभर मेथी पडली. साडूंनी ती कडू आमटी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि म्हणाले, "चूक आमटीची नाही. ठरलेलं एकाच बाजूनं बदललं."

इथवर ठीक होतं. पण त्यांचा आणखी एक नियम होता: जे नेहमीसारखं आहे ते पाठवायचंच नाही. इंजिन नीट चालतंय? मग इंजिनाचा आकडा गाळायचा. आला नाही म्हणजे नीट आहे, असं पलीकडच्यानं समजायचं. त्यानं बॅटरी वाचते म्हणे. हा नियम त्यांनी घरीही आणला. वेळेवर पोचले, जेवले, बरे आहेत, यातलं काहीही ते कधी कळवत नसत. माझी मेहुणी एकदा म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत स्वयंपाक चांगला झालाय म्हणून एकदाही बोलला नाहीत." ते खरोखर गोंधळले. "बिघडला तर सांगेन की." बिचारीनं हेही अंगवळणी पाडून घेतलं. धसका घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

एका दुपारी साडू नव्या डबीची चाचणी घ्यायला पाचूबंदरहून बोटीनं गेले. ऊन उतरलं तरी पत्ता नाही. मी मेहुणीला फोन केला, तर ती निवांत पालेभाजी निवडत होती. "काही कळवलं नाही ना भावोजी, म्हणजे ठीक आहे." मी म्हटलं, "अगं, फोनच बंद पडला असेल तर?" मग ती हळूच म्हणाली, "मी लावून बघते." फोन बंदच होता. थोड्या वेळात आम्ही दोघं धक्क्यावर उभे होतो. कंपनीतला माणूस फोनवर सांगत होता की डबीकडून काही आलेलं नाही, म्हणजे बदल नसावा. टोपल्या धूत बसलेली एक कोळीण म्हणाली, "पानी उतरलंय बाय. भरती लागल्याबिगर बोट आत नाय येयाची. पन तुमची बोट कुठं हाय, ते मला नाय ठावं." मेहुणी समुद्राकडे बघत राहिली. हातात पालेभाजीची एक काडी तशीच होती.

दिवेलागणीला बोट आली. साडू बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, चपला हातात घेऊन, अगदी नेहमीसारखे. फोन पाण्यात पडला होता. मी भडकलो. "बोट चालवणाऱ्या तांडेलाचा फोन होता ना?" "होता. पण कळवण्यासारखं काही नव्हतं." तेव्हा मेहुणीनं शांतपणे विचारलं, "आणि बुडाला असतात, तर काय कळवलं असतंत?" साडूंची नजर तिच्या हातातल्या काडीवर गेली. मग म्हणाले, "तेव्हाही काहीच नाही." उभ्या आयुष्याच्या कामात राहिलेली फट सापडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांची फार दया आली.

आता प्रत्येक डबी, सगळं नेहमीसारखं असलं तरी, ठरलेल्या वेळी एक शून्य पाठवते. बॅटरी खाते ती खाते. मेहुणीलाही रोज संध्याकाळी शून्य येतं, आणि कसं कोण जाणे, मलाही यायला लागलं. उत्तरादाखल मीही शून्य पाठवायचं, असं ठरलं. मध्यंतरी तापानं ग्लानीत होतो, पाठवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दाराची बेल वाजली. साडू उभे, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "आहात." मग चहालाही न थांबता जिना उतरून गेले. वयानं आता दोघांच्याही बॅटऱ्या उतरणीला लागल्यात. संध्याकाळ झाली की मी हातातलं काम टाकून फोनपाशी बसतो, आणि ते शून्य येईपर्यंत मला काही सुचत नाही.