कडूबाईची सवत

आमच्या नातसुनेनं परवा सुवासिक मेणबत्त्यांचा डबा आणला. घरात इन्व्हर्टर असताना मेणबत्त्या कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं की म्हातारा खवचट ठरतो. चार वासांच्या चार मेणबत्त्या, त्यातली एक पालो सांतोची. सातासमुद्रापलीकडचं कसलंसं पवित्र लाकूड आहे म्हणे. "आजोबा, बैठकीत कोणती ठेवू? तुम्हीच निवडा." मी नाक लावून पाहिलं. मेंढरांच्या वासात वाढलेलं नाक ते, त्याला सगळंच गोड. पण तिला म्हटलं, बाई, घरासाठी मेणबत्तीचा वास निवडणं सोपं नसतं. आमच्या पुंजारामची त्यात वर्षं गेली.

मुकुंदवाडीत आमच्या खोलीला लागून पुंजारामची खोली होती. चिकलठाण्याला एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या आणि गाव सोडून आलेले आम्ही भोंग्यावर उठायला शिकत होतो. मी धनगराचा, तो बौद्ध, आणि मशीनवर दोघांचे हात सारखेच काळे. पुंजाराम बुटका, बोलण्यात कंजूष. केसांना तेलसुद्धा मोजून लावणारा. असा माणूस एका रविवारी शहागंजच्या बाजारातून मोगऱ्याचा घमघमाट घेऊन घरी आला, तेव्हा आमच्या चाळीची काय चंगळ झाली म्हणून सांगू!

पुढं कधी खस, कधी चंदन. एकदा तर हिना असा की गल्लीच्या तोंडाशी पुंजाराम वळला की चाळीच्या टोकाला बायका शिंकायच्या.

आमची बानाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, पुंजारामभाऊ शहागंजात कुणाकडं जात्यात वो?"

"अत्तरवाल्याकडं."

"अत्तरवाल्याकडं का अत्तरवालीकडं?"

आता असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, तो चार घरांत पोचवायचा असतो. मी पोचवला. दुसऱ्या दिवशी नळावर मीच त्याला गाठलं. "काय पुंजाराम, काल लई वास मारत होतास. कोण म्हणायची ही?"

"हिना हाय, दादा."

"वा! नाव तर झ्याक हाय!"

अख्खा नळ हसला. पुंजारामचे कान लाल झाले. बादली उचलून गेला.

शेवटी बानाबाईच्यानं राहवेना. पुंजारामच्या बायकोला, कडूबाईला जाऊन म्हणाली, "वैनी, नवऱ्याला जरा सांभाळा. सवत यायची एखादी."

कडूबाई तशी हसणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली. "आलीया की! ट्रंकेत ठिवलीया. बघायची का?"

तिनं ट्रंक उघडली. आत मेणबत्त्या. ओबडधोबड, वाकड्या, हातानं केलेल्या. पुंजाराम कंपनीबाहेरच्या टपरीवर डालड्याच्या डब्यात मेण वितळवायचा, त्यात अत्तराचे थेंब टाकायचा आणि पाइपाच्या तुकड्यात ओतायचा. प्रत्येक मेणबत्तीची वात जराशीच जळलेली, तिथंच पेटवून पाहिलेली.

मग कडूबाईनं भिंतीकडं बोट केलं. बाबासाहेबांची तसबीर. चौकटीचा एक कोपरा कोळशासारखा काळा.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतल्या बौद्ध वस्त्यांत जाळपोळ सुरू झाली, तेव्हा कडूबाई वैजापूरकडं माहेरी होती. घर पेटलं. सगळे बाहेर आले. बापाला तसबिरीची आठवण झाली, म्हातारा परत आत गेला. तसबीर घेऊन बाहेर आला तो भाजलेला, जळक्या कपड्यांच्या वासानं भरलेला. दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

तेव्हापासून कडूबाईची चूल बाहेर पत्र्याखाली. खोलीत काडी ओढलेली चालायची नाही. वात विझताना जो धूर सुटतो ना, तो नाकात गेला की ती लहान लेकरागत दाराकडं धावायची. बाप ज्या तसबिरीसाठी गेला, तिच्यापुढंच उजेड नाही! सहा डिसेंबरला सगळ्यांच्या घरात मेणबत्ती, पुंजारामच्या घरात बल्ब.

"ते म्हनत्यात, कडू, तुला जाळाचं भ्या नाय, वासाचं हाय," कडूबाई म्हणाली. "म्हनत्यात, असा वास हुडकतो की त्यात जळका वास बुडून जाईल. नाव बदललं की त्या दिशी आपन बी लावू."

बानाबाईनं घरी येऊन मला हे सांगितलं. त्या आठवड्यात नळावर पुंजारामची कुणी थट्टा केली नाही. पुंजारामनंच विचारलं, "दादा, समदे आजारी हायेत का?"

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली, दिवाळीच्या तोंडावर, पहिल्या पाळीहून येताना पुंजारामच्या छातीत कळ आली. सायकल भिंतीला नीट टेकवून तो खाली बसला, तो बसलाच. खिशात अत्तराची बाटली होती, तीही न फुटलेली.

आणि संक्रांतीला बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. जुन्या नावाला जोडून का होईना, पण नाव. संध्याकाळी सगळी वस्ती उजळली. घोषणा, गुलाल, रडणं. पुंजारामची खोली तेवढी काळी.

आम्ही दोघं तिळगूळ घेऊन गेलो. कडूबाई ट्रंकेपुढं बसली होती. एकेक मेणबत्ती नाकाशी नेत होती, बाजूला ठेवत होती.

"चंदनाची घ्या वैनी," बानाबाई म्हणाली. "देवाधर्माचा वास हाय."

कडूबाईनं मान हलवली. मोगरा ठेवला. खस ठेवला. मग हिनाची मेणबत्ती हातात घेतली आणि ती खालीच ठेवेना.

"ह्याच वासावर समदी चाळ हसायची ना, दादा?"

मी तिळगुळाची पुडी ट्रंकेवर ठेवली.

"गेले त्या दिशी त्यांच्या सदऱ्याला ह्योच वास होता. मी धुतला त्यो सदरा. येड्यावानी धुतला, वास निघून गेला."

तिनं काडी ओढली. तीन काड्या गेल्या. वात पेटली आणि तसबिरीचा काळा कोपरा लख्ख दिसायला लागला. ती खोकली. एकदा दाराकडं पाहिलं, पण उठली नाही. ओबडधोबडच मेणबत्ती ती, वात तिरकी. भराभर ओघळली, तडतडली आणि विझली. खोलीत धूर भरला. हिनाचा, आणि जळक्या वातीचाही. बुडाला नव्हता तो वास.

कडूबाई तोंडावर पदर धरून बसली होती. तिचा जीव घाबरा झाला असेल म्हणून बानाबाई दार उघडायला उठली.

"नगं उघडू, बाई," कडूबाई म्हणाली. "भाईर जाईल त्यो."