कन्हानच्या डोहातल्या दोन मरळी

नदीला पूर आला की आमच्या सांगलीत अख्खं गाव घाटावर गोळा होतं. नदी आटताना पाहायला मात्र कुणी जात नाही. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि मनानं नेमकं तेच घेतलं. पाणी संपत आलं की पाण्यातले जीव काय करतात? शेजारच्या नर्स रंजनाचं माहेर मध्य प्रदेशातलं, सौसरजवळचं रामाकोना. "मे महिन्यात आमची कन्हान डबक्यांवर येते. आई दाखवेल तुम्हाला," ती म्हणाली. झालं, मी पिशवी भरली. भर उन्हाळ्यात तिकडं निघाले म्हणून बहिणीनं मला वेड्यातच काढलं.

पांढुर्ण्याला सकाळी उतरले. मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवत होते, तोच चहावाल्यानं "काय पायजे, बाई?" विचारून माझी सुटका केली. गावाजवळच्या जाम नदीच्या पात्रात खडकांमध्ये खाटेएवढं पाणी उरलं होतं. त्यावर पाणनिवळ्या (लांब पायांचे, पाण्यावर चालणारे किडे) आरामात फिरत होत्या. काठाच्या चिखलात खेकड्याचं बीळ दिसलं. मी त्यात हातभर काडी घातली. काडी संपली, बीळ संपेना. ओल जसजशी खाली जाते तसतसा खेकडाही खाली उकरत जातो.

"काय हरवलं जी?" वरून एका आजोबांनी विचारलं.

"काही नाही, खेकडा पाहतेय."

"मंग धरा नं! पाहून का पोट भरते?"

दुपारच्या बसनं सौसर गाठलं आणि तिथून रामाकोना. वाटेत संत्र्याच्या बागा ठिबकच्या नळ्यांवर कशाबशा तग धरून होत्या. रंजनाच्या आई पार्वताबाई साठीच्या, काटक. हंगामात संत्रातोडीला जातात, एरवी कन्हानमध्ये जाळं टाकतात. त्यांनी ज्वारीची भाकर आणि वर सांभार (कोथिंबीर) पेरलेलं झणझणीत बेसन वाढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाल्या, "तिखट कमीच टाकलं, मॅडम. तुमी पाव्हन्या!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही डोहावर गेलो. डोह कसला, अंगणाएवढं गढूळ पाणी. पार्वताबाईंनी काठच्या चिखलातून एक गोगलगाय उकरून माझ्या हातावर ठेवली. शंखाचं दार घट्ट बंद. "झोपली ते. पानी आलं का उघडते." फळ्यावर या दाराचं चित्र मी कितीदा काढलं असेल, पण त्याच्यावर नखानं टकटक करून पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला लहान मुलासारखं हसू येत होतं.

"आता उगी बसा अन् पाहा."

बसलो. थोड्या वेळानं पाण्यावर एक काळपट, सापासारखं डोकं आलं, हवेचा घोट घेतला आणि गेलं. जरा पलीकडे दुसरं. मरळ मासे.

"दोनच राह्यल्या," पार्वताबाई म्हणाल्या. "मांगच्या साली लोकायनं डोह उपसून सारं नेलं. हे जोडी हाय. पान्यापावसात पिल्लं होतात तं दोघं मिळून राखतात. लाल लाल पिल्लायचा गोळा, अन् खाली हे. जोडी गेली तं या डोहातली मरळ संपली."

त्यांचा बेत ठरलेला होता. डोह आटण्याआधी जोडी मोहगावला भाऊ गुलाबरावांच्या विहिरीत न्यायची आणि नदी आली की परत आणून सोडायची. जाळ्यानं दोन्ही मरळी अलगद धरून त्यांनी अर्ध्या पाण्याच्या कॅनमध्ये सोडल्या, तोंडाशी फडकं ठेवलं आणि जाळं धुवायला वळल्या.

मी कॅनमध्ये डोकावले. एवढ्या उन्हात एवढंसंच पाणी! जीव कळवळला. मी डोहातलं पाणी ओतून कॅन काठोकाठ भरली, हिंदकळू नये म्हणून झाकण गच्च पिळलं आणि वरून ओलं पोतं गुंडाळलं. स्वतःवर खूष होते मी.

मोहगावला निघालेला आमचा ऑटो सौसरजवळ पंक्चर झाला. चाक बदलेपर्यंत ऊन चढलं. पोत्याखाली धडधड होत होती.

"काहून एवढ्या आपटून राहिल्या?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नवी जागा आहे ना," मी म्हणाले. पुढे धडधड थांबली, तेव्हा मला वाटलं, रुळल्या.

मोहगावच्या विहिरीवर पार्वताबाईंनी पोतं काढलं, झाकण उघडलं. एक मरळ पोट वर करून तरंगत होती.

"हे कोन भरलं?"

"मी."

"अवं मॅडम, तिले हवा लागते. बुडून मेली ते."

मासाही पाण्यात बुडून मरू शकतो, हे मी मुलांना दरवर्षी सांगायची. मरळीचे कल्ले तिला पुरत नाहीत, ती वर येऊन श्वास घेते. पाच गुणांचा प्रश्न. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा दुःख जास्त झालं. पार्वताबाईंनी मेलेली मरळ काढून बाजूला ठेवली. गुलाबरावांनी दुसरी मरळ बादलीतून विहिरीत उतरवली. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. खूप वेळानं पाणी हललं, डोकं वर आलं, श्वास घेतला.

"हे जगली," गुलाबराव म्हणाले.

संध्याकाळी पार्वताबाईंनी गंजात (पातेल्यात) मेलेल्या मरळीचा रस्सा केला. मी नको म्हणाले.

"मेली म्हनून फेकाची का? खा."

मी खाल्ला. रस्सा चवदार होता. हे लिहिलं नाही तर खोटं ठरेल.

परतीच्या गाडीत वही उघडली. खेकड्याला ओल ठाऊक, गोगलगायीला दार ठाऊक, पार्वताबाईंना अर्धी कॅन ठाऊक. माझ्याकडे नुसतं उत्तर होतं, आणि ते हातापर्यंत कधी उतरलंच नव्हतं.

पावसाळ्यात मीच त्यांना फोन लावला. कन्हान भरून आली होती. मरळ डोहात परत सोडली होती.

"दिसते का हो?"

"दिसते नं. श्वास घ्याले वर येते," पार्वताबाई म्हणाल्या. "एकलीच येते."