मेमरीचा खुराक

अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये बडनेऱ्याला एक मिशीवाला माणूस चढला आणि समोर बसून त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला. त्यात बुद्धिबळाचे दोन प्रोग्राम आपसात खेळत होते. स्पर्धा यानंच भरवलेली, आज फायनल.

"काळ्याले मेमरी वाढवून देली," मिशीवरून बोट फिरवत तो मला म्हणाला. "पैलवानाले खुराक लागते."

"अन् पांढऱ्यानं काय पाप केलं बाप्पा?" शेजारी बसून सगळ्यांना डब्यातली कोथिंबिरीची सांभारवडी वाटत असलेल्या मावशींनी विचारलं. त्यांना बुद्धिबळ येत नव्हतं, पण अन्याय कळत होता. बाकावर लगेच दोन पक्ष पडले. अखेर त्यानं दोघांनाही भरपूर मेमरी दिली आणि डाव नव्यानं लावला. दिली ती इतकी, की लॅपटॉपलाच काही उरलं नाही. स्क्रीन गोठली.

"सगळ्याइले वाढलं, अन् घरची बाई उपाशी रायली," मावशी म्हणाल्या.

तो पोट धरून हसला, आम्हीही हसलो. मग लॅपटॉप पुन्हा सुरू करून त्यानं दोघांचा खुराक निम्मा केला आणि लॅपटॉपवर हात फिरवत म्हणाला, "पयले तू जेव, माय."

मावशींनी डब्यात पाहिलं. एकच वडी उरली होती. कोणालाही न विचारता त्यांनी ती खाल्ली.