स्पॅनिश पुस्तकांच्या दोन फळ्या

वाचून झालेलं पुस्तक टेबलावर तसंच पडलेलं मला बघवत नाही. नागपूरला एका शाळेच्या ग्रंथालयात मी सहा वर्षं काम केलं. तिथे संध्याकाळी कुलूप लावायच्या आत प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी गेलेलं असायचं. एखादं राहिलं तर मला घरी जेवण गोड लागायचं नाही. हे मी मिरवायला सांगत नाहीये. याच सवयीपायी मी परक्या देशात मोठा घोळ घालून ठेवला, तो सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही सनीव्हेलजवळ राहायला आलो. नवरा चिप डिझाइन करायचा, मुलगी पहिलीत होती, आणि मी नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर तेव्हा बायकोला नोकरी करायची परवानगी नसे. अपार्टमेंटमधल्या मराठी बायका दुपारी एकमेकींकडे जमत. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा आधी आडनाव, मग गाव, मग नागपुरात नेमकं कुठे, अशी चौकशी सुरू झाली आणि उत्तर मिळाल्यावर चहाचा घोट जरा लांबला. मी तिसऱ्यांदा गेले नाही. चालत जाण्याच्या अंतरावर गावाची छोटी लायब्ररी होती. तिथे जाऊन पगाराशिवाय काही काम आहे का, असं विचारलं. होतं.

पहिल्या दिवशी मला नियमांचा एक कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं की टेबलांवर राहिलेली पुस्तकं गोळा करून चाकांच्या गाडीवर ठेवा आणि गाडी काउंटरपाशी न्या. मला हसूच आलं. माझ्यासोबत काम करणारे सगळे निवृत्त म्हातारे. त्यांना पुस्तकांच्या पाठीवरचे जागेचे आकडे लागत नसणार, म्हणून ही सोय, असं मी ठरवून टाकलं. मला ते आकडे पाढ्यांसारखे पाठ होते. मी गाडीच्या वाटेला गेलेच नाही. टेबलावरून पुस्तक उचललं की थेट फळीवर. मुख्य ग्रंथपालबाई, उंच, चष्म्याला साखळी लावणाऱ्या, एकदा म्हणाल्या की मुलांचा विभाग हल्ली किती नीटनेटका दिसतो. मी चार दिवस हवेत होते.

मुलांच्या विभागात खिडकीखालच्या दोन फळ्या वेगळ्या होत्या. त्यावर एका पानावर स्पॅनिश आणि समोरच्या पानावर इंग्रजी अशी गोष्टींची पुस्तकं होती. ती जमवली होती मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल मुलीने. मुलगी म्हणायचं, पण ती माझ्याच वयाची होती. तिचे आईवडील मेक्सिकोहून शेतात भाज्या तोडायला आलेले, ती इथेच जन्मलेली. प्रकाशकांना पत्रं लिहून, कॅटलॉग चाळून, वरच्यांशी भांडून तिने एकेक पुस्तक मिळवलं होतं. दर शनिवारी सकाळी ती सतरंजीवर बसून त्यातली गोष्ट दोन्ही भाषांत सांगायची, आणि तिच्याभोवती वीसेक मुलं आणि त्यांच्या आया असायच्या. गोष्ट संपली तरी कोणी उठायचं नाही. आया एकेक पुस्तक घेऊन मुलांना पोटाशी धरून बसायच्या. अक्षर लावत, अडखळत, पण सोडायच्या नाहीत.

माझी मुलगीही त्यात घुसली. एका पुस्तकात आजीला डॉक्टरकडे घेऊन जाणारी मुलगी होती. आजी डॉक्टरला स्पॅनिशमधून टोमणे मारते आणि नात त्याचं गोड गोड इंग्रजी करून सांगते. माझी लेक खदखदून हसायची. दुसऱ्या एका पानावर आई काळ्या तव्यावर मक्याची पोळी भाजत होती. ते पान तिने माझ्या नाकापुढे धरलं आणि म्हणाली, "आई, लुक, दे हॅव अवर तवा." घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर, आणि तिला आपला तवा त्या पुस्तकात सापडला. मला त्या दिवशी त्या फळ्यांचा फार लळा लागला.

दीड वर्ष असं गेलं. मग एका सोमवारी ग्रंथपाल मुलगी कात्रीने रंगीत कागद कापत बसली होती. नजर वर न करता तिने सांगितलं की खिडकीखालच्या दोन फळ्या काढणार आहेत. तिथे इंटरनेटचे दोन कॉम्प्युटर ठेवायचे आहेत. पुस्तकं खोक्यात भरून तळघरात जातील, आणि तळघरातून काही परत येत नाही. सहा आठवड्यांनी मुख्य बाई पक्का निर्णय घेणार होत्या.

मी म्हटलं, असं कसं, शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते. ती म्हणाली, लोक येतात, पण पुस्तकं घरी नेत नाहीत. ते मलाही ठाऊक होतं. घरी न्यायला लायब्ररीचं कार्ड लागे, आणि कार्ड काढायचं तर पत्ता लिहून द्यावा लागे. त्या वर्षांत कॅलिफोर्नियात कोणाकडे कागदपत्रं आहेत आणि कोणाकडे नाहीत यावरून फार ओरड चालली होती, आणि आपला पत्ता कोणत्याही सरकारी कागदावर नको म्हणून त्या बायका कार्डच्या नावानेच मागे सरायच्या. मग ती म्हणाली, "घरी नाही नेली तरी चालतं गं. इथे बसून वाचलेली पुस्तकंही मोजतात. गाडीवरून काउंटरला आली की एकेकावर लाल दिव्याचा पेन फिरवतात, वाचल्याची नोंद होते. पण आमच्या पुस्तकांपुढे शून्य आहे. बघ ना, ओळीने शून्य."

तिने यादी माझ्यापुढे सरकवली. ती वाचायच्या आधीच मला उमगलं. गाडी म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी नव्हती. दीड वर्ष, दर शनिवारी, ती पुस्तकं मी माझ्या हाताने, कौतुकाने, एकही नोंद होऊ न देता जागेवर लावली होती.

मी तिला तेव्हा काही बोलले नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू व्हॉलंटिअर आहेस, ते तुला काय फायर करणार? गप्प बस आणि उद्यापासून गाडीवर ठेव." सल्ला व्यवहारी होता. पण मला त्या दिवशी स्वतःची इतकी चीड आली होती की भाजीत मीठ दोनदा पडलं. मंगळवारी मी तिला खरं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "दीड वर्ष?" मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले आणि ते रागाने होते, हे मला कळलं. माफी मागून भागणार नव्हतं. मी म्हटलं, सहा शनिवार आहेत, सहाही शनिवारांची प्रत्येक नोंद होईल, हे माझ्याकडे लागलं.

मला वाटलं सोपं आहे. आयांना सांगायचं, पुस्तकं टेबलावर राहू द्या. पण पहिल्या शनिवारी पाहिलं तर पुस्तकं मी एकटीच जागेवर लावत नव्हते. अर्धीअधिक त्या बायकाच उठून नीट फळीवर ठेवत होत्या, पाठ बाहेर, कडा एका रेषेत. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, ठेवू नका, तशीच सोडा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा ठेवली. शेवटी लांब वेणीची, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासणारी एक बाई होती, तिने ग्रंथपाल मुलीकडून मला निरोप दिला. आम्ही गेल्यावर टेबलांवर पसारा दिसला तर लोक म्हणतील, ही माणसं घाणेरडी. आम्ही पसारा सोडून जाणार नाही.

यावर मी काय वाद घालणार? माझी आई शाळेतल्या बाई घरी येणार म्हटलं की अंगण दोनदा सारवायची, आणि त्या बाई आल्या तरी पाणी घ्यायच्या नाहीत. त्या वेणीवालीचं म्हणणं मला इंग्रजीतून सांगायची गरजच नव्हती. तिला पसारा करायला लावायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या शनिवारी मी गाडी ओढत आणली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिले. पुस्तक झालं की फळीवर नको, टेबलावर नको, माझ्या हातात द्या, एवढंच सांगितलं. हातात द्यायला कोणाची हरकत नव्हती. मुलांना तर तो खेळच झाला. रांग लावून पुस्तकं द्यायची, वर ग्रासियास, म्हणजे धन्यवाद, म्हणायची. मी गाडी काउंटरला न्यायची, दिवा फिरायचा, गाडी रिकामी करून परत. पाय दुखायचे. तिसऱ्या शनिवारी मला ताप होता, तरी गेले. चौथ्या शनिवारी लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिथे जाणं कॅन्सल केलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या शनिवारी वेणीवालीने स्वतः येऊन विचारलं की ही गाडी कशासाठी. सगळं समजल्यावर तिने मुलांना आणखी एकेक पुस्तक आणायला पिटाळलं, आणि मी तिला थांबवलं. न वाचलेलं पुस्तक मी गाडीवर घेणार नव्हते. एकदा खोटं मोजलं गेलं होतं, तेवढं पुरे.

सहा आठवडे संपले. मुख्य बाईंच्या खोलीत आम्ही दोघी गेलो. आत जाण्याआधी ग्रंथपाल मुलीने माझा दंड धरला आणि म्हणाली, तू काही बोलू नकोस, नवीन आकडेच बोलतील. ती मला वाचवू पाहत होती. मुख्य बाईंनी जुनी यादी एका हाताला ठेवली, नवी दुसऱ्या हाताला, आणि चष्मा काढला. त्या म्हणाल्या, दीड वर्ष काहीच नाही, आणि मी फळ्या काढते म्हटल्याबरोबर ही गर्दी. सहा आठवड्यांच्या उत्साहावर मी भरवसा कसा ठेवू? त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

मी बोलले. दीड वर्षाची शून्यं माझी आहेत, असं सांगितलं. कागदावरचा नियम मी वाचला होता आणि मला जास्त कळतं म्हणून मोडला होता, हेही सांगितलं. माझं इंग्रजी त्या वेळी जेमतेम होतं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, रागाने नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून, की तुम्ही तर भारतातल्या, ही पुस्तकं तुमच्या भाषेतली नाहीत, मग तुम्ही एवढ्या का लागल्या आहात यांच्या मागे?

याचं उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. मी म्हणाले, "मी तिसरीत होते तेव्हा बाईंनी 'माझं घर' असं चित्र काढायला सांगितलं. मी अंगणात तुळस काढली, झोपाळा काढला, लाल कौलं काढली. मला दहापैकी नऊ मार्क मिळाले. घरी वडिलांना दाखवलं. आमची पत्र्याची एक खोली होती, ते गिरणीतून नुकतेच आले होते. त्यांनी विचारलं, हे कोणाचं घर आहे? मी म्हटलं, पुस्तकातलं. आपलं का नाही काढलंस, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, बाबा, घर असं असतं. त्यांनी चित्र माझ्या हातात परत दिलं. मला अजून ते दिसतात. त्या शनिवारच्या मुलांनी त्यांच्या वडिलांना असं सांगू नये."

मुख्य बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि दोन्ही याद्या एकात एक घातल्या. कॉम्प्युटर मासिकांच्या रॅकपाशी बसतील, फळ्या आहेत तिथेच राहतील, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून तितक्याच शांतपणे म्हणाल्या की ज्या व्यक्तीने दीड वर्ष नियम मोडला तिला यापुढे पुस्तकं हाताळायचं काम देता येणार नाही. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर पार्किंग लॉटमध्ये येऊन मी रडले. त्या देशात मला जमणारं तेवढं एकच काम होतं आणि ते मी स्वतः जाऊन घालवून आले होते. तरी आत परत जाऊन ते शब्द मागे घ्यावेत असं एकदाही वाटलं नाही. ग्रंथपाल मुलगी मागोमाग आली. शनिवारी यायचं हं, असं तिने दटावलं. मी म्हटलं, कशाला, मला पुस्तकांना हात लावायला बंदी आहे. ती म्हणाली, "फळीवर लावायची बंदी आहे. वाचायची नाही."

शनिवारी मी गेले. गाडी आता एक म्हातारे आजोबा ढकलत होते, अगदी नियमाप्रमाणे. मी सतरंजीवर आयांच्या रांगेत बसले. वेणीवाली सरकली, मला जागा करून दिली आणि नुकतंच आलेलं एक पुस्तक तिने माझ्या मांडीवर ठेवलं. मोठ्याने वाच, असं खुणेने सांगितलं. मी स्पॅनिश पान उघडलं. पहिल्याच ओळीला मुलं खिदळली, त्यात माझी लेक सगळ्यात मोठ्याने, आणि वाकून माझा उच्चार तिने सुधारला. मी ती ओळ पुन्हा वाचली, मग पुढची.