अँटेनाच्या वायरवरचं इंटरनेट

१९९९ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पुढे सगळा जन्म पेणच्या खाडीकडच्या मिठागरात. पण आमच्या आळीतला पहिला टीव्ही माझ्या पडवीत आला, आणि पहिला फोनही. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर माझा नंबर छापत. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

मुलगा रोह्याला कंपनीत होता. तिथे माणसं कमी करायला लागले, तसा तो एक जुना कॉम्प्युटर घेऊन घरी आला. नोकरीचे अर्ज इंटरनेटवरून पाठवणार म्हणाला. कॉम्प्युटर माळ्यावर, फोन खाली पडवीत. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस नवीन वायर टाकायला भिंतीला भोकं पाडतो म्हणू लागला. मी सांगितलं, भिंतीला हात लावायचा नाही, वायर आहे. केबल आल्यापासून छपरावरची अँटेना बंद होती, पण मी ती कुणाला उतरवू दिली नव्हती. तिची चपटी वायर कौलांखालून माळ्यावर आणि तिथून पडवीत टीव्हीच्या फळीपर्यंत आलेली. आत दोन तारा, आणि फोनलाही दोनच लागतात. दुकानातल्या माणसाने ती माळ्यावर कापली, पडवीकडच्या तुकड्याचं वरचं टोक कॉम्प्युटरला आणि खालचं फोनच्या डबीला जोडलं. इंटरनेट लागलं. मी आळीभर सांगत फिरलो.

आणि थोड्याच दिवसांत माझ्याच पोराने मला हुकूम सोडला, की तो वर बसला असताना मी फोन उचलायचा नाही, लाइन तुटते. माझं घर, माझा फोन, वायरसुद्धा माझी. तरी नोकरीचं आहे म्हणून गप्प बसलो.

समोरच्या घरातली बाई माझ्या मिठागरातल्या जोडीदाराची विधवा. तिचा मुलगा दुबईला. मुलीचं लग्न गडब गावात ठरलेलं, आणि तिकडची माणसं एके दिवशी तारीख धरायला यायची होती. भावाला रजा कधी मिळते त्यावर तारीख. ते सांगायला आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

आळीत फोनची एक रीत होती. पहिला फोन नुसता बोलवायला. "आईला बोलवा, परत करतो," एवढं बोलून त्याने ठेवला. दुसरा फोन बोलण्याचा. दोन्हींच्या मध्ये कुणी फोनला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तिला हाक मारली. ती तांदळाच्या पिठाने भरलेल्या हातांनीच धावत आली आणि पायरीवर बसली.

फोन वाजेना. हाताचं पीठ वाळलं तरी वाजेना. शेवटी मी उचलून कानाला लावला, तर आत नुसती किरकिर. मधल्या तेवढ्या वेळात आमचे चिरंजीव वर इंटरनेट लावून बसले होते. मी शिडी चढून गेलो.

"लाइन सोड. समोरच्यांचा फोन यायचाय."

त्याने मान वळवली नाही. "एकच अर्ज राहिलाय, बाबा. आणि आपलं घर काय पीसीओ हाय? त्यांना सांगा स्वतःचा फोन घ्यायला."

खाली सगळं ऐकू गेलं. माझा हात उठला होता, कसा आवरला माझं मला माहीत. त्याने लाइन सोडली, पण आता कसला फोन येतोय. तिकडे बूथवर रांग असते, लाइन एंगेज लागली की मागचे ढकलतात.

ती बराच वेळ बसली, मग उठली. "राहू द्या, भाऊ. त्याची बी नोकरीच हाय. उद्या पोराला सोडून तारीख धरू."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाप नसलेली मुलगी, आणि भावाशिवाय तिची तारीख धरायची, ती माझ्या घरातल्या वायरीपायी. मी जेवलो नाही.

सकाळी उठल्या उठल्या मोरीतल्या दिव्याचं बटण काढलं. पडवीत अँटेनाच्या वायरीतली एक तार तोडली, मध्ये ते बटण जोडलं आणि माझ्या खाटेच्या उशाशी भिंतीवर ठोकलं. बटण चालू असेल तरच वर इंटरनेट, नाहीतर नुसती वायर. मग ते बंद केलं.

मुलगा डोळे चोळत खाली आला. "वर टोन येत नाय."

"येणार नाय. गडबची माणसं जाईस्तवर तरी नाय. मग पायजे तेव्हा मला विचारायचं."

"आणि माझे अर्ज?"

"विचारायचं म्हटलं ना."

तो तणतणत मोरीत गेला आणि अंधारात धडपडला. मी खाटेवरून हललो नाही. चहा फोनजवळच मागवला.

तो पिऊन होतोय तोच घंटी वाजली. दुबईत शिफ्टला जायच्या आधी तिच्या पोराने लावला होता. "आईला बोलवा, परत करतो."

मी फोन ठेवला, एक हात बटणावर ठेवला आणि समोरच्या दाराकडे बघून हाक दिली, "ये गो. तुझा फोन येतोय."