तीर्थाची पालथी वाटी

ज्या दिवशी घरी जंगम स्वामींची पाद्यपूजा होती, त्याच दिवशी माझ्या नवऱ्याच्या उजव्या डोळ्यात तारेचा तुकडा घुसला. देवाच्या कामातल्या माणसाचं असं व्हावं, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं. आम्हा लिंगायतांत पूजा म्हणजे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. एरवी आमचे हे म्हणजे पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा दोनदा उठतील. पण पूजेला बसले की पापणी लवत नाही. तोच डोळा जायची वेळ आली, तर महादेवाला काय म्हणावं?

चुडाव्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आणि मागे घर. पूजा नुकतीच आटोपली होती, स्वामी पाटावर बसले होते. अंगणात उन्हासाठी बांधलेलं कापड एका बाजूने सुटलं म्हणून हे पक्कड घेऊन उठले. ताणलेली तार तोडली आणि तिचा तुकडा उडाला. मी वळून पाहिलं तर हे खाली बसलेले, आणि बुबुळाच्या कडेला तार रुतलेली.

"काढ की गं ती. लय टोचायलीय," हे म्हणाले.

माझ्या मनात आधी आलं ते तीर्थ. पायात काटा मोडो की लेकराला ताप येवो, आमच्याकडे स्वामींच्या पायांचं तीर्थ आधी लावतात, बाकीचं मागून. पितळेची खोलगट वाटी भरलेलीच होती. आधी डोळ्यात तीर्थ सोडायचं आणि मग तार उपसायची, असं ठरवून मी वाटी उचलली.

त्या वेळी क्रॉसिंगसाठी पॅसेंजर गाडी स्टेशनात अडकली होती आणि एक अनोळखी बाई पाण्याची बाटली घ्यायला दुकानात आली होती. आतल्या दारातून तिने आम्हाला पाहिलं आणि चपलेसकट आत आली.

"ताई, थांबा. डोळ्यात थेंबभरसुद्धा काही टाकू नका. तारेला हात लावू नका. मी डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. बुबुळ फाटलंय, तार तिथं बुचासारखी बसलीय. उपसली तर आतलं पाणी बाहेर येईल. ती वाटी रिकामी करून द्या, डोळ्यावर झाकायला."

मला राग आला. तीर्थाला नाही म्हणणारी ही कोण? मी स्वामींकडे पाहिलं. त्यांच्याच पायांचं तीर्थ होतं, तेव्हा शब्दही त्यांचाच. स्वामींनी हात वर करून मला थांबवलं.

"तीर्थ पोटात घ्यायचं असतंय, अक्का. तुमी पिऊन टाका. वाटी त्या बाईला द्या."

मी सगळं तीर्थ प्यायले, ह्यांच्या वाट्याचंसुद्धा, कारण ऑपरेशन लागेल, ह्यांना पाणीही देऊ नका, असं सिस्टरने सांगितलं. सिस्टरने वाटी धुतली, कोरडी केली आणि डोळ्यावर अशी पालथी घातली की कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकल्या, तारेला कुठे स्पर्श नाही. दुकानातल्या चिकटपट्टीने ती बसवली. दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगितलं, कारण एक हलला की दुसरा हलतो. तेवढ्यात गाडीने शिटी दिली. "बसवूनच न्या, आत्ताच निघा," म्हणत ती पळाली. तिची बाटली आमच्या फळीवरच राहिली.

शेजाऱ्यांच्या जीपने आम्ही नांदेडला निघालो. रस्ता कसला, नुसते खड्डे. आणि हे? जन्मभर ज्यांना "जरा एका जागी बसा" म्हणून मी थकले, तो माणूस दोन्ही डोळे मिटून, डावा तळहात मांडीवर उघडा ठेवून बसला होता. हातात लिंग नव्हतं, पण बैठक पूजेचीच. वेदनेने कपाळावर घाम होता, मान मात्र हलली नाही. मी रडत होते आणि माझी छाती अभिमानाने भरून येत होती. पूजा इतकी वर्षं करतात ती कशासाठी, ते मला त्या जीपमध्ये कळलं.

डॉक्टरांनी तार काढली, बुबुळाला टाके घातले, आत पू होऊ नये म्हणून इंजेक्शनं दिली. वाटी कुणी लावली ते त्यांनी दोनदा विचारलं. घरीच उपसली असती तर शिवायला काही उरलं नसतं, म्हणाले. पण नजर किती परतेल, हे सांगायला ते तयार नव्हते. पुढे आतलं भिंग पिकून मोतीबिंदू झाला, त्याचंही ऑपरेशन झालं. त्या दिवसांत मी महादेवाकडे काही मागितलं नाही. कृपा कुठे ओतायची हे त्याला शिकवायला गेले होते एकदा. त्याने भरलेली वाटी रिकामी करवून तीच कामाला लावली. आता त्याचं त्याला ठाऊक.

मग एका सकाळी ह्यांनी अंघोळ केली, विभूती लावली आणि लिंग तळहातावर घेतलं. चांगला डोळा दुसऱ्या हाताने झाकला. मी दारातच उभी राहिले. विचारायचं धाडस होईना.

"दिसायलंय," हे म्हणाले. "कडा जरा हलायल्यात. पण लिंग दिसायलंय."

स्टेशनात पुष्कळ विचारलं, ती बाई कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या पाद्यपूजेला मी तीच वाटी तीर्थाने भरली. ह्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि ओठांना लावण्याआधी म्हणाले, "पहिलं त्या सिस्टरच्या नावानं." स्वामींनी मान डोलावली, आणि आम्ही सगळ्यांनी तसंच घेतलं.