रांजणीच्या पुढचं फाटक

आमच्या घरात देव नाहीत म्हणून भुतंही नाहीत, असं बाबाच म्हणायचे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आता आहे का, ते विचारू नका.

बाबा रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करणारे. रांजणी ते परतूर, रुळांच्या कडेनेच आयुष्य गेलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि हळूहळू त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. दोन वर्षांपासून मला ते 'साहेब' म्हणतात. सुरुवातीला रडू यायचं, आता काही वाटत नाही.

मला कॉम्प्युटरवरच्या ट्रेन सिम्युलेटरचा नाद. उपग्रहाने मोजलेली जमिनीची खरी उंची उतरवून घ्यायची, त्यावर रूळ टाकायचे, गाडी चालवायची. म्हटलं, बाबांचाच पट्टा बनवू... बघून काही आठवलं तर आठवलं. बायको म्हणाली, "एवढ्या दिवसांत खरा रूळ टाकून झाला असता."

त्या रविवारी दुपारी फक्त चढउतार आणि रूळ तयार होते. झाड नाही, घर नाही, सिग्नल नाही. नुसती तपकिरी जमीन. बाबांना शेजारी बसवलं, गाडी एका वेगावर सोडली आणि चहा घेतला.

"साहेब, जल्दी न्या," बाबा म्हणाले.

रांजणी मागे पडली. थोड्या वेळाने गाडीचा वेग आपोआप उतरला, ब्रेक लागले आणि गाडी उघड्या माळावर उभी राहिली. माझ्या हातात कपबशी. बाबांचे हात गोधडीत.

"थांबवली का? बराबर केलं," ते म्हणाले. "तुझी माय आली बघ फाटकापाशी. कव्हाची भाकर घेऊन उभी हाय उन्हात."

तुझी माय... दोन वर्षांनी मला 'तू' म्हणाले.

स्क्रीनवर काहीच नव्हतं. नंतर नकाशाशी जुळवलं, तर बरोबर तिथेच फाटक आहे. आई त्यांचा डबा तिथेच आणायची. मी मात्र ते टाकलंच नव्हतं. सिम्युलेटरच्या नोंदीत एवढंच होतं — ब्रेक ड्रायव्हरने लावला. ड्रायव्हर म्हणजे मीच.

मी "हो बाबा" म्हणालो आणि उरलेला चहा प्यायलो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपमधल्या जाणकारांनी फाइल तपासली, दोष सापडला नाही.

आता गाडी तिथे कधीच थांबत नाही. मग रोज मीच थांबवतो आणि बाबांच्या तोंडाकडे बघत बसतो.

"साहेब," ते विचारतात, "गाडी काऊन थांबवली?"

मी ब्रेक सोडतो.